भोकाचा पैसा, नवा पैसा आणि पाच पैशांचं तिकीट

१२ जुलै १९६१ च्या पहाटे वेल्हे तालुक्यातल्या पानशेत धरणावर लष्कराचे जवान पोत्यांवर पोती रचत होते. धरणाचं काम पुरतं झालेलं नव्हतं, पाऊस थांबत नव्हता आणि मातीचा बांध खचत चालला होता. तो वाचणं अवघड आहे हे दिसत होतं. तरी रात्रभर पोती पडत राहिली, बांध थोडा वेळ तगला आणि धरण फुटलं ते उजाडल्यावर. पुण्यात पाणी घुसलं तेव्हा लोक जागे होते. हेच मध्यरात्री झालं असतं तर काय झालं असतं, हा विचार त्या पिढीतल्या पुणेकरांच्या मनातून कधी गेला नाही.

त्यानंतर पंधराच महिन्यांनी, २० ऑक्टोबर १९६२ ला, चीनने हल्ला केला. आता मदत जवानाला हवी होती. ती सगळ्या देशाकडे मागितली गेली. मिलवाल्यांकडे मागितली, सिनेमावाल्यांकडे मागितली आणि हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या मुलामुलींकडेही मागितली.

मुलांनी दिलं ते हिशेबाच्या वहीत मांडलं तर फार मोठं दिसत नाही. खाऊचे पैसे, विणलेली कानटोपी, एक वेळचं जेवण. रणगाडे यातून येत नाहीत. तरीही या चिल्लरीचा इतिहास बघण्यासारखा आहे. कारण वीस वर्षांपूर्वीही एका सरकारने युद्धासाठी असाच हात पसरला होता, आणि तेव्हा पैसा न देणं हे देशप्रेमाचं लक्षण होतं. नाणं तेच, शाळा त्याच, कित्येकदा माणसंही तीच. मधल्या काळात बदललं काय?

राजाचं युद्ध, सम्राटाचं युद्ध

भोर आणि वेल्हे हे आज पुणे जिल्ह्यातले दोन तालुके. वेल्ह्याचं नाव आता राजगड तालुका असं करण्यात आलं आहे. १९४८ पर्यंत मात्र हा मुलूख ब्रिटिश पुणे जिल्ह्यात नव्हता. तो भोर संस्थानात होता. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातले सचिव शंकराजी नारायण यांच्या वंशजांचं, म्हणजे पंतसचिवांचं हे संस्थान. राजगड, तोरणा, रोहिडा हे किल्ले संस्थानच्या हद्दीत. तोरण्याचं दुसरं नाव प्रचंडगड, आणि त्या नावाने संस्थानचा एक तालुकाच होता. शेवटचे राजे रघुनाथराव. भोरचं जुनं हायस्कूल आजही राजा रघुनाथराव विद्यालय म्हणून ओळखलं जातं.

३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. त्याआधी त्यांनी इथल्या एकाही निवडून आलेल्या प्रतिनिधीला विचारलं नाही. संस्थानांमध्ये तर विचारण्याचा प्रश्नच नव्हता. ब्रिटिश मुलखात निदान कायदेमंडळ होतं, निषेध म्हणून राजीनामा देता येत होता आणि काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी तो दिलाही. संस्थानी प्रजेच्या वर राजा, राजाच्या वर रेसिडेंट, त्याच्यावर व्हाइसरॉय आणि सगळ्यांच्या वर लंडनमधला सम्राट. तोरण्याच्या पायथ्याशी पाटीवर बाराखडी गिरवणाऱ्या पोराचं जर्मनीशी भांडण आहे, हे त्याला चार पायऱ्या वरून कळवण्यात आलं.

युद्ध घरात आलं ते बातम्यांतून कमी आणि वस्तूंमधून जास्त. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला. तिथून येणारा तांदूळ बंद झाला, रॉकेल बंद झालं. रॉकेल नाही म्हणजे चिमणी नाही, चिमणी नाही म्हणजे रात्रीचा अभ्यास नाही. गिरण्यांमधला बहुतेक कागद सरकार स्वतःसाठी उचलू लागलं, त्यामुळे वह्या मिळेनात आणि मिळाल्या तर महाग. १९४३ मध्ये टाकसाळीतून नवा पैसा आला. त्याच्या मधोमध गोल भोक होतं. तांबं वाचवायचं म्हणून नाण्याचं पोटच कापून काढलेलं. लोक त्याला भोकाचा पैसा म्हणू लागले. रुपयाला असे ६४ पैसे. जुन्या डब्यातून एखादा अजूनही निघतो, आणि घरातलं लहान पोर तो बोटात अंगठीसारखा घालून बघतं.

हाही युद्धाला लागलेला हातभारच होता, फक्त तो कुणी दिला नव्हता, काढून घेतला होता. विद्यार्थ्याच्या खिशातल्या पैशातलं तांबं, त्याच्या दिव्यातलं तेल आणि त्याच्या वहीतला कागद युद्धाकडे गेला. त्याची पावती कुणी फाडली नाही आणि आभारही कुणी मानले नाहीत.

माणसंही गेली. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांनी मराठा पलटणींत भरती होणं हे तोवर पिढ्यान्‌पिढ्यांचं झालं होतं. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने एकट्या पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. घाटाखाली माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना पडला आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो विशीच्या आसपासचा होता, म्हणजे शाळकरी पोराचा थोरला भाऊ शोभावा एवढा. पोटासाठी, मानासाठी, बापजाद्यांची रीत म्हणून ही मुलं गेली. त्यांच्या शौर्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. पण ते युद्ध कुणाचं, हा प्रश्न त्यांच्या मागे राहिलेल्या भावंडांपुढे उभा होताच.

नाही म्हणणारी मुलं

१७ ऑक्टोबर १९४० ला वर्ध्याजवळ पवनारला विनोबा भावे उभे राहिले आणि त्यांनी युद्धविरोधी भाषण केलं. वैयक्तिक सत्याग्रहाचे ते पहिले सत्याग्रही. ब्रिटिशांच्या युद्धाला माणसाने किंवा पैशाने मदत करणं चूक आहे, एवढंच म्हणायचं आणि तुरुंगात जायचं. ‘ना एक पाई, ना एक भाई’ अशी घोषणा त्या काळी दिली जायची. पाई म्हणजे पैशाचाही तिसरा हिस्सा. तेवढाही द्यायचा नाही.

दोन वर्षांनी ऑगस्ट १९४२ मध्ये हा नकार शाळांपर्यंत उतरला. वर्ग ओस पडले. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती मारले गेले. शिरीषकुमार शाळेत जाणारा मुलगा होता.

याच्या दहा वर्षं आधीची आणखी एक गोष्ट आहे. २६ जानेवारी १९३२ ला कराडमध्ये टिळक हायस्कूलच्या एका विद्यार्थ्याने झेंडा फडकवला. त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. मॅट्रिक राहून गेली, ती त्याने सुटून आल्यावर १९३४ मध्ये दिली. त्याचं नाव यशवंत बळवंतराव चव्हाण.

म्हणजे १९४७ च्या आधीच्या पंधरा-वीस वर्षांत महाराष्ट्रातला जो विद्यार्थी आपल्याला आदर्श म्हणून शिकवला जातो, तो सरकारला नाही म्हणणारा आहे. त्याच्या देशसेवेचा अर्थच असा होता की सरकारच्या युद्धाला, सरकारच्या झेंड्याला आणि वेळ आली तर सरकारच्या शाळेलाही पाठ दाखवायची. १९६२ कडे येताना हे लक्षात ठेवायला हवं. पस्तीस-चाळिशीचा जो शिक्षक १९६२ मध्ये वर्गात निधीचा डबा फिरवत होता, तो १९४२ मध्ये वर्गातून बाहेर पडणाऱ्यांच्या वयाचा होता.

तेच हात

हल्ल्यानंतर सहा दिवसांनी, २६ ऑक्टोबर १९६२ ला, आणीबाणी जाहीर झाली. लगोलग राष्ट्रीय संरक्षण निधी उभा राहिला. नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेल्या यशवंतराव चव्हाणांना नेहरूंनी संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असं तेव्हा म्हटलं गेलं आणि आजही म्हटलं जातं. ते दिल्लीत रुजू होत होते त्याच सुमारास, २१ नोव्हेंबरला, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. युद्ध महिनाभराचं. पण निधी, लोकर आणि सोनं गोळा करणं त्यानंतरही कित्येक महिने चालू राहिलं.

ज्या माणसाला हायस्कुलात असताना झेंड्यासाठी तुरुंगात टाकलं, तोच माणूस तीस वर्षांनी त्या झेंड्याच्या सैन्यासाठी हायस्कूलच्या मुलांपुढे हात पसरत होता. इतका सरळ उलटा फेरा इतिहासात क्वचित सापडतो.

आणि मुलांनी दिलं. तेव्हा दशमान नाणी येऊन पाचच वर्षं झाली होती. रुपयाचे शंभर नवे पैसे. शाळाशाळांत डबे फिरले, प्रभातफेऱ्या निघाल्या, नाटकं आणि मेळे करून त्यांचं उत्पन्न निधीला दिलं गेलं. मुलींनी विणकाम काढलं. त्याला कारणही तसंच होतं. नामका चू नदीच्या काठी उभे केलेले जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत होते, ही गोष्ट तेव्हा कानोकानी पसरली आणि पुढे सगळ्यांनीच मान्य केली. जिथे डिसेंबरातसुद्धा घोंगडीवर भागतं, तिथल्या मुली चौदा हजार फुटांवरच्या थंडीसाठी कानटोपी विणू लागल्या. सरकारची तयारी कमी पडली होती. तो खड्डा सुयांनी भरून निघणारा नव्हता. तरी ज्याने ती टोपी घातली त्याचे कान झाकले गेले, हेही खोटं नाही.

मुलं द्यायला का तयार झाली? भाषणं होती, गाणी होती, रेडिओ होता. पण ग्रामीण महाराष्ट्रापुरतं आणखी एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. १९५९ मध्ये यशवंतराव मुख्यमंत्री असताना वर्षाला ९०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलांची फी माफ झाली. ईबीसी सवलत म्हणून तुमच्या आजोबांना ती आठवत असेल. डोंगरातल्या शेतकऱ्याचा मुलगा हायस्कूलच्या बाकावर बसला तो कित्येकदा या सवलतीमुळे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने खेड्यापाड्यांत काढलेल्या शाळाही त्याच सुमारास भरू लागल्या होत्या. घरातलं हायस्कूलला जाणारं ते पहिलंच पोर. ज्या सरकारने आपल्याला शाळेत आणलं, ते सरकार पहिल्यांदाच काहीतरी मागतंय, असा हा व्यवहार होता. भोकाच्या पैशाच्या वेळी सरकारने आधी काहीच दिलेलं नव्हतं.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. लोकांकडे सोनं मागितलं गेलं आणि लोकांनी ते दिलं. बायकांनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या, मुलींनी कानातलं दिलं. आणि लगेच जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी. देशभरातल्या सोनारांचा हातचा धंदा बसला, काहींनी जीव दिला. कोणत्याही तालुक्याच्या गावातल्या सोनाराच्या मुलाचं त्या हिवाळ्यात काय झालं असेल बघा. नोव्हेंबरात वर्गाबरोबर त्याने निधीला पैसे दिले, जानेवारीत बापाची शेगडी विझली. पहिलं त्याने आपणहून दिलं होतं, दुसरं त्याला न विचारता गेलं. मुळात तातडीचा म्हणून आलेला हा कायदा पूर्णपणे जायला १९९० उजाडलं. १९६२ ची आणीबाणीसुद्धा युद्ध संपून पाच वर्षं उलटल्यावर, जानेवारी १९६८ मध्ये उठली.

स्वखुशीने दिलेलं हळूहळू सक्तीचं होतं, हे विद्यार्थ्यांनीही पाहिलं. १९६३ मध्ये कॉलेजच्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. पाच वर्षांनी ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. मनापासून कवायत करणारे सक्तीच्या आधीही होते आणि नंतरही राहिले. मधल्या पाच वर्षांत वाढली ती मुख्यतः हजेरी.

सोमवारची संध्याकाळ

१९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झालं तेव्हा मागणी नाण्याची नव्हती, ताटाची होती. त्या वर्षी पाऊस देशभर अपुरा पडला होता. धान्यासाठी आपण अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेवर अवलंबून होतो आणि तिकडून येणाऱ्या गव्हाची दोरी अमेरिका आवळत होती. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी लोकांना आठवड्यातून एक वेळ जेवण सोडायला सांगितलं. सोमवार संध्याकाळ ठरली. आधी त्यांनी हे स्वतःच्या घरात करून पाहिलं. शहरांमध्ये सोमवारी संध्याकाळी हॉटेलं बंद राहू लागली.

मराठी घरांना सोमवारच्या उपासाचं नवल नव्हतं. श्रावणी सोमवारी शाळा अर्धा दिवस असते, कारण उपास संध्याकाळी सोडायचा असतो. शंकराचा उपास जिथे सुटतो, नेमका तिथून शास्त्रीजींचा उपास सुरू होत होता. त्यामुळे घरोघरी आज्यांची थोडी पंचाईत झाली असणार, पण उपास म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागलं नाही. शाळकरी मुलांनी तो हौसेने धरला. त्या वयाचे लोक आजही सोमवार म्हटलं की शास्त्रीजींचं नाव काढतात.

पण जेवण सोडायला आधी जेवण असावं लागतं. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत पिकणारं म्हणजे भात, नाचणी, वरी. उतारावरची छोटी छोटी खाचरं. चांगल्या वर्षीही उन्हाळा संपता संपता कणगी तळाला गेलेली असायची. अशा घरातलं पोर एक वेळ उपाशी झोपलं तर ते देशासाठी की नेहमीसारखं, हे सांगणं कठीण. त्याच्या उपासाची गणती कुठल्याच आवाहनात झाली नाही. दान करता येण्यासाठीसुद्धा हातात थोडं जास्त असावं लागतं, आणि ते असणाऱ्यांच्या नावावर पुण्य जमा होतं.

हीच गोष्ट हायस्कूलबद्दलही खरी आहे. वेल्ह्याच्या आतल्या खोऱ्यातून हायस्कूल गाठायचं म्हणजे मैलोन्‌मैल पायपीट, नाहीतर कुणा नातेवाइकाकडे राहणं. ते जमणारी मुलं थोडी, मुली त्याहून थोड्या. बाकीची मुलं गुरांमागे होती, खाचरात होती. विद्यार्थ्यांनी देशासाठी काय केलं, असं आपण लिहितो तेव्हा ही मुलं त्या वाक्यात येत नाहीत, कारण ती विद्यार्थीच नव्हती. मात्र पलटणीत गेलेला भाऊ त्यांच्याच घरचा असायचा.

पत्र वाचणारा पोरगा

हायस्कूलच्या मुलांनी केलेली एक मदत अशी आहे की जी कुठल्याही निधीच्या यादीत नाही. मला ती सगळ्यात मोठी वाटते.

१९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर दहा माणसांत साधारण तिघांनाच लिहिता-वाचता येत होतं. बायकांमध्ये प्रमाण त्याहून बरंच कमी. डोंगरी भागात आणखी कमी. आणि ज्या घरांतून सैन्यात माणसं जायची ती हीच घरं. मुलगा सीमेवर, आई आणि बायको वाडीत, आणि मधला एकमेव धागा म्हणजे आंतरदेशीय पत्र. मागे पत्ता: ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’. गावाचं नाव नाही, प्रांताचं नाव नाही. एवढ्यावरून तो थंडीत आहे की जंगलात, हेही कळायचं नाही. पत्ता असाच ठेवलेला असतो, कारण पलटण कुठे आहे हे बाहेर कळू द्यायचं नसतं.

हे पत्र वाचायचं कुणी? मास्तर एकटे पुरणार नाहीत. पोस्टमन आठवड्याने येणार. मग निरोप जायचा हायस्कुलात जाणाऱ्या पोराला. संध्याकाळी दप्तर टाकलं की त्याने पहिल्यांदा हे काम करायचं. ‘पत्रास कारण की’पासून ‘लहानांस आशीर्वाद’पर्यंत मोठ्याने वाचायचं, मग आई म्हणेल तो परिच्छेद पुन्हा वाचायचा, मग बायकोसाठी असलेली दोन वाक्यं सगळ्यांसमोर वाचताना कानाच्या पाळ्या लाल करून घ्यायच्या. मग उत्तर. आई सांगणार, हा लिहिणार. मनीऑर्डर आली तर आईच्या अंगठ्याच्या ठशाला साक्षीदार कोण, हेही बघायचं. फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी सोडलेल्या चार ओळींत तिकडून काय लिहून आलंय तेही वाचून दाखवायचं.

हे काम नुसतं वाचनाचं नाही, हे ते पोर लवकरच शिकायचं. आई जे जे सांगते ते सगळं लिहायचं नसतं. म्हैस गेली, बांधावरून भावकीशी भांडण झालं, पोरीचा ताप उतरत नाही, हे सीमेवरच्या माणसाला कळवून काय होणार? आणि तिकडून आलेलं सगळंही जसंच्या तसं वाचायचं नसतं. चौदा-पंधरा वर्षांचं पोर काय गाळायचं हे स्वतःच्या मनाने ठरवायचं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या भारतीय शिपायांची पत्रं सरकारी सेन्सॉर वाचायचे. त्यांतलीही कित्येक पत्रं शिपायाने स्वतः लिहिलेली नसायची, पलटणीतल्या लिहिता येणाऱ्या सोबत्याने लिहिलेली असायची. म्हणजे दोन्ही टोकांना एकेक परका हात, आणि मधे सेन्सॉर. खेड्यातला विद्यार्थी हा या साखळीतला शेवटचा आणि सगळ्यात दयाळू सेन्सॉर होता.

आणि मग तार. तार आली म्हटलं की ती उघडण्याआधीच रडणं सुरू व्हायचं. सैन्याची तार बहुधा इंग्रजीत. इंग्रजी वाचता येणारं घरात, कधी कधी अख्ख्या वाडीत, त्या पोराशिवाय दुसरं कोणी नसायचं. आठवी-नववीचं इंग्रजी, ‘धिस इज अ कॅट’च्या थोडं पुढे गेलेलं. त्या इंग्रजीवर त्याने ओळखायचं की माणूस जखमी आहे, बेपत्ता आहे, की गेला. कधी कधी नुसती रजा मंजूर झाल्याची तार असायची आणि सगळी वाडी रडून मग हसायची. पण दरवेळी नाही.

युद्धासाठी विद्यार्थ्यांनी केलेल्या कामात याला काय म्हणायचं? देशाने ते मागितलं नव्हतं. त्याबद्दल बिल्ला मिळाला नाही, प्रार्थनेच्या वेळी नाव पुकारलं गेलं नाही. पण सीमेवरचा जवान रात्री नीट झोपायचा तो घरून बरं असल्याचं पत्र आलं म्हणून, आणि ते बरं असणं कुणीतरी जुळवून लिहिलेलं असायचं. १९७१ च्या डिसेंबरात जमालपूरला जंगी पलटण, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, लढली. तिच्यासारख्या प्रत्येक पलटणीच्या टपालात अशा कोवळ्या अक्षरांची किती पत्रं असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

पाच पैशांचं तिकीट

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. त्यांना जगवायला पैसा हवा होता. १५ नोव्हेंबर १९७१ पासून पत्रावर नेहमीच्या तिकिटाबरोबर पाच पैशांचं आणखी एक तिकीट लावणं बंधनकारक झालं. घाई इतकी होती की सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या जुन्या तिकिटांवरच ‘निर्वासित मदत’ अशा अर्थाचा शिक्का छापून ती विकली गेली. खास तिकीट डिसेंबरात आलं.

३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं. पुण्या-मुंबईत ब्लॅकआऊट. मुलांनी खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले, गाड्यांचे दिवे अर्धे काळे झाले, उजेड दिसला की खालून आरोळी. शहरातल्या मुलांना युद्ध आठवतं ते असं. सह्याद्रीतल्या कितीतरी वाड्यावस्त्यांवर तेव्हा वीजच पोचली नव्हती. तिथे रोजच ब्लॅकआऊट. युद्ध तिथे कंदिलाच्या उजेडात वाचल्या जाणाऱ्या पत्रातूनच येत होतं, आणि आता त्या पत्राच्या उत्तरावर पाच पैसे जास्त लागत होते.

हे तिकीट म्हणजे पुन्हा सक्तीच. मग भोकाच्या पैशात आणि त्यात फरक काय? फरक आहे. मार्च १९७१ मध्ये निवडणूक झाली होती. सरकार कुणाचं हे लोकांनी ठरवलं होतं, कर कशासाठी हे तिकिटावर छापलं होतं. आणि ३१ मार्च १९७३ ला तो कर बंद झाला. तात्पुरतं म्हणून आलेलं खरोखर तात्पुरतं निघालं. त्या मधल्या काळात महाराष्ट्र १९७२ च्या दुष्काळात होरपळत होता. खडी फोडायला गेलेल्या माणसानेही मुलाला पत्र टाकताना परक्या मुलखातल्या उपाशी माणसासाठी पाच पैसे दिले. हायस्कूलच्या मुलाने ते तिकीट जिभेवर ओलं करून चिकटवलं.

पावती

सुरुवातीचा प्रश्न होता की बदललं काय. मला उत्तर असं दिसतं: नाणं लहान असो की मोठं, ते कोण मागतंय, आधी त्याने काही दिलंय का, नंतर तो हिशेब देणार आहे का आणि नाही म्हणायची सोय आहे का, यावर त्या नाण्याचं दान होतं किंवा वसुली होते. १९४३ मध्ये यातलं काहीच नव्हतं. १९६२ मध्ये बरंचसं होतं, म्हणून मुलांनी हात सैल सोडला, आणि जिथे ते नव्हतं तिथे सोनाराच्या घरासारखी जखम झाली. नंदुरबारचा नकार आणि वीस वर्षांनंतरचा होकार यांत विरोध नाही. दोन्हींच्या मागे एकच विचार आहे: देश माझा असेल तर मागा.

आजही ७ डिसेंबरला शाळेत ध्वजदिनाचे छोटे झेंडे येतात. १९४९ पासून येतात. माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी तो पैसा जातो. १९६२ चा राष्ट्रीय संरक्षण निधीही चालू आहे, आता फोनवरून पैसे भरता येतात आणि पावतीही लगेच येते. तुमच्या वर्गात झेंडा वाटला जातो तेव्हा तो कशाचा, पैसे कुणाला जातात, हे विचारायला हरकत नाही. विचारल्याने दान कमी होत नाही.

आणि एक गोष्ट अजून करता येण्यासारखी आहे. १९६२ मध्ये चौदा वर्षांची असलेली माणसं आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. भोरच्या बाजारात, वेल्ह्याच्या एसटी थांब्यावर, तुमच्या स्वतःच्या ओसरीवर ती बसलेली असतात. देशासाठी काय केलंत असं विचारलंत तर बहुतेक जण काही नाही म्हणतील. त्यापेक्षा वाडीत कुणाकुणाची पत्रं तुम्ही वाचून दाखवायचात, असं विचारा. मग जरा वेळ काढून बसा, आणि जमलं तर फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा.